चौथा विषय

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर भूशास्त्र हा विषय आहे आणि पुढची सगळी नोकरी मी त्याच विषयावर केली. ओळखीच्या लोकांना वाटतं, हिला लहानपणापासून दगडांचं वेड असणार. सतराव्या वर्षी मला कशाचंच वेड नव्हतं. मराठीचा निबंध लिहायला आवडायचा, गणित सुटलं की बरं वाटायचं, जीवशास्त्राच्या आकृत्या मी मन लावून काढायचे. पण यातलं काही सुटून गेलं तर आपलं काही हरवेल असं कधी वाटलं नाही. ज्या माणसांनी मला एका विषयापर्यंत आणून सोडलं त्यांची नावं माझ्या कुठल्याही कागदावर नाहीत. आणि त्यांतल्या एकानेही ‘हा विषय घे’ असं मला सांगितलं नाही. त्यांचं माझ्यावरचं सगळ्यांत मोठं ऋण तेच आहे, असं साठीच्या उंबरठ्यावर उभी असताना मला वाटतं.

१९८४ साली मी वाईला बारावी झाले. आण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. थोडी जमीन, तिच्यात एक विहीर. मेडिकलला मार्क कमी पडले. इंजिनिअरिंगचा एक नवा रस्ता तेव्हा उघडला होता. आदल्याच वर्षी, १९८३ साली, राज्य सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली होती आणि आमच्या भागातली ऐपतीची मुलं डोनेशन भरून तिकडे निघाली होती. आण्णांनी एकदा आकडा विचारून घेतला आणि नंतर तो विषय घरात निघाला नाही. राहिलं बी.एस्सी. ‘बी.एस्सी. कर, मग बी.एड. कर, इथल्याच शाळेत लागशील,’ असं प्रत्येक नातेवाइकाने सांगितलं. मला त्याला विरोध करावासाही वाटेना, आणि खरी अडचण ती होती. ज्या मुलीला एखादी गोष्ट हवी असते तिला निदान भांडता येतं. माझ्याकडे भांडण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यात नारायण पेठेत मावशीकडे माझी सोय झाली. काका बँकेत होते. ज्ञान प्रबोधिनीचं काम पुण्यात १९६२ पासून चालू होतं, त्यामुळे बुद्धिमापन, कल चाचणी हे शब्द त्या पेठांमधल्या घरांत परके नव्हते. काकांच्या ओळखीचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे काका मला घेऊन गेले. शाब्दिक तर्क, अंकांचा तर्क, आकृत्या मनात फिरवून पाहणं, यांत्रिक आकलन असे कागद माझ्यापुढे एकामागून एक आले. १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या डीएटी नावाच्या चाचण्यांच्या धर्तीवरचे ते होते, हे मला फार नंतर कळलं. शेवटी आवडीनिवडींची एक लांबलचक प्रश्नावली.

निकाल ऐकायला आम्ही गेलो तेव्हा टेबलावर माझा आलेख होता. तो जवळजवळ सपाट होता. कुठे उंचवटा नाही, कुठे खड्डा नाही. काकांनी विचारलं, “म्हणजे हिचा कल कशाकडेच नाही?” त्या गृहस्थांनी आलेख बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघून बोलले. काकांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, “बाळ, या प्रश्नावलीत ज्या कामांची नावं आहेत, त्यांतली तू प्रत्यक्ष पाहिलेली किती?” मी म्हटलं, मास्तर, डॉक्टर, तलाठी, दुकानदार, कंडक्टर. “मग न पाहिलेल्या गोष्टीकडे तुझा कल कसा असेल? हा कागद तू आत्तापर्यंत काय पाहिलंस ते सांगतो. तू काय होशील ते सांगत नाही. दोन वर्षं सगळं बघ. मला घाई दिसत नाही.”

त्यांच्या हातात माझ्या आयुष्यावर शिक्का मारायचा अधिकार आम्हीच दिला होता. काका तर त्यासाठी फी भरून बसले होते. कुठलंतरी एक नाव सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं आणि आम्हीही समाधानाने घरी आलो असतो. तो मोह त्यांनी आवरला. पुढे २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली तेव्हा नात्यातली, शेजारची मुलं आपापले निकाल घेऊन माझ्याकडे यायची. प्रत्येक वेळी मला तो टेबलावर बाजूला ठेवलेला कागद आणि त्यांचं ते वाक्य आठवायचं, आणि मीही मुलांना आधी तेच विचारायचे: यातलं तू पाहिलंस काय?

दोन वर्षं बघ, असं त्यांना म्हणता आलं याचं एक कारण तेव्हाच्या बी.एस्सी.च्या रचनेत होतं. पुणे विद्यापीठात एफ. वाय.ला चार विषय घ्यायचे, एस. वाय.ला त्यांतला एक सोडून तीन ठेवायचे आणि टी. वाय.ला एकच, त्याला सगळे ‘स्पेशल’ म्हणायचे. ही रचना ज्यांनी आखली त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण माझ्या ऋणकोंच्या यादीत नव्हे, धनकोंच्या यादीत ती माणसं आहेत. निर्णय टप्प्याटप्प्याने घ्यायला लावणारी ती व्यवस्था होती. प्रत्येक विषयाची प्रॅक्टिकल्स वर्षभर करायची, हात काळे-निळे करायचे आणि मगच एकेक सोडत जायचं. ज्याला आधीपासून सगळं ठाऊक आहे त्याला ती दोन वर्षं फुकट गेल्यासारखी वाटत असतील. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला ती संपूर्ण लागतात.

कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म भरताना रसायन, वनस्पती आणि प्राणी हे तीन विषय मी लिहिले. चौथ्या रकान्यापाशी थांबले. मागे रांग होती. खिडकीपलीकडचे क्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “चौथा सापडत नाहीये का? भूगोल भरलाय. भूशास्त्राच्या जागा आहेत. महिनाभरात बदलता येतो, अर्ज माझ्याकडेच द्यायचा.” मी भूशास्त्र लिहिलं. बदलता येतो, एवढंच मी ऐकलं होतं. महिन्यानंतर ते मला जिन्यात भेटले आणि स्वतःहून म्हणाले, “आज शेवटची तारीख आहे हं. बदलायचाय?” शेकडो फॉर्मांतून माझा चौथा रकाना त्यांनी लक्षात ठेवला होता. मी नको म्हटलं. तोवर मला मामा भेटले होते.

पुण्याच्या कॉलेजांत शिपाई आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना सगळे मामा म्हणतात. आमच्या भूशास्त्राच्या लॅबमधले मामा सातवीपर्यंत शिकलेले, मावळातल्या एका खेड्यातून आलेले. लॅबमधल्या लाकडी खणांमध्ये कापसावर ठेवलेले नमुने कुठे आहेत हे कपाटाकडे न बघता सांगायचे. पाषाणच्या खाणींतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट, वाघोलीचा गर्द निळा कॅव्हनसाइट, सुयांच्या जुडग्यासारखा पांढरा स्कोलेसाइट. पुण्याच्या आसपासच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये ही खनिजं इतकी सुंदर मिळतात की जगभरच्या संग्रहालयांत ती जाऊन बसली आहेत. मामांना त्याचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. “हा दगड वाघोलीचाच. बाहेरच्या देशातले लोक बघायला येतात,” असं सांगून ते नमुना हातात देत. हातात देत, हे महत्त्वाचं. रसायनच्या लॅबमध्ये आम्हाला पहिली सूचना मिळाली होती ती हात लावू नका अशी. इथे मामा म्हणायचे, “हात लावल्याबिगर काय कळणार? नखानं ओरखड. नख चाललं तर मऊ. नाही चाललं तर काचेवर ओढ.” हेमॅटाइटचा काळपट, जड तुकडा त्यांनी मला चिनी मातीच्या खरबरीत पाटीवर ओढायला लावला आणि लाल रेघ उमटली. मी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

पण मामांचं खरं काम स्लाइड करण्याचं. दगडाची एक चकती कापायची, ती कॅनडा बाल्समने काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या ओल्या पुडीवर हाताने घासत घासत इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड आरपार जावा. ०.०३ मिलिमीटर. हे मोजायला त्यांच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. ते घासायचे, धुवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि फेल्डस्पारचा रंग बघायचे. “पिवळं दिसतंय, म्हणजे अजून जाड आहे. राखाडी-पांढरं झालं की हात थांबवायचा. आणखी एक फेरा मारलास तर काचेवर काहीच उरणार नाही.” प्रॅक्टिकल संपल्यावर मी तिथेच रेंगाळायचे आणि त्यांचा हात बघायचे. एका संध्याकाळी त्यांनी नुकतीच झालेली स्लाइड मला बघायला दिली. पर्वतीच्या टेकडीवरचा साधा काळा दगड होता, आमच्या घराच्या पायरीला असतो तसला. सूक्ष्मदर्शकाची प्रकाश ध्रुवित करणारी दोन्ही निकल आडवी-उभी केल्यावर त्या काळ्या दगडात राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या दिसल्या, त्यांच्या मध्ये पिवळे, तांबडे, निळे तुकडे, आणि तबकडी फिरवली की सगळे रंग जागा बदलत होते. मी वर बघितलं तेव्हा मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. “दिसलं ना?” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ती आवड होती का? मला तसं वाटलं नाही. मला तेव्हा वनस्पतीशास्त्रही बरं वाटत होतं आणि रसायनात मार्कही चांगले पडत होते. इथे बाईंचा संबंध येतो.

बाई आम्हाला खनिजशास्त्र आणि शिलाशास्त्र शिकवायच्या. बोलणं कमी, आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. एफ. वाय.च्या दुसऱ्या सत्रात मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारलं, की मला माझी आवड कळत नाही, ती कशी ओळखायची? त्यांनी मला बसायला सांगितलं. कपाटातून एक कोरी शंभरपानी वही काढली आणि म्हणाल्या, “चारही विषयांची प्रॅक्टिकल्स झाली की घरी जाऊन हिच्यात लिही. काय शिकलीस ते लिहू नकोस, ते जर्नलमध्ये आहे. प्रॅक्टिकल संपल्यावर डोक्यात काय प्रश्न उरला ते लिही. उरला नसेल तर फक्त तारीख घाल आणि विषयाचं नाव. खोटं लिहू नकोस.”

मी विचारलं, “आणि उत्तरं?”

“उत्तरं सगळ्याच विषयांची पाठ होतील तुला. तू हुशार आहेस. प्रश्न पाठ करता येत नाहीत.”

मी वही भरत गेले. पहिल्या पानांवर नुसत्या तारखा आहेत. मग रसायनाखाली एखादा प्रश्न, वनस्पतीखाली दोन-तीन. भूशास्त्राखाली हळूहळू ओळी वाढत गेल्या. लाव्हा एवढा पातळ होता की शेकडो किलोमीटर पसरला, मग तो कोयनेत आणि पुण्यात सारखाच का दिसत नाही? दोन थरांच्या मध्ये लाल माती येते, म्हणजे मधे पाऊस पडला, ऊन पडलं, किती वर्षं? पोकळीत खनिज वाढायला पाणी लागलं असेल तर ते पाणी आलं कुठून? बाईंनी ती वही मध्ये कधी मागितली नाही, वाचली नाही, तपासली नाही. मला हे आज फार मोठं वाटतं. त्यांनी ती तपासली असती तर मी त्यांना बरं वाटावं म्हणून प्रश्न लिहिले असते, हे त्यांना कळत होतं.

एस. वाय.ला मी प्राणिशास्त्र सोडलं. त्या वर्षी फील्डवर्कसाठी मुक्कामी जायचं होतं, खंडाळा आणि बोरघाट, नंतर कोकणात उतरून. आण्णांचं पत्र आलं: मुलीने रात्री बाहेर राहायचं नाही, आणि दगड शिकून पुढे काय करायचं तेही एकदा स्पष्ट करावं. पत्र मी बाईंना दाखवलं नाही, पण फॉर्म परत करताना कारण सांगावं लागलं. पुढच्या रविवारी बाई स्वारगेटहून एसटीने वाईला आल्या. मला बरोबर यायला सांगितलं, बाकी काही नाही.

आण्णांनी त्यांचं नीट स्वागत केलं. चहा झाला. आण्णा म्हणाले, “बाई, तुम्ही एवढ्या लांब आलात. पण मुलगी आहे, आणि हा विषय... दगड शिकून तिला नोकरी कोण देणार?” बाईंनी त्याचं उत्तर लगेच दिलं नाही. त्यांनी विचारलं, “तुमच्या विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं?” आण्णा म्हणाले, संक्रांतीपर्यंत, फार तर शिवरात्रीपर्यंत. गेल्या वर्षी त्यांनी पाणाड्याला बोलावलं होतं. त्याने तळहातावर नारळ धरून शेत पालथं घातलं आणि विहीर आणखी खाली न्यायला सांगितलं होतं. सुरुंगाचा खर्च मोठा होता. कर्ज काढायचा विचार चालू होता.

“विहीर बघू या का?” बाई म्हणाल्या.

विहिरीच्या काठावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर खोचून कडेच्या पायऱ्यांनी अर्ध्यापर्यंत उतरल्या. वरती काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फटी पडलेला काळा पाषाण आणि अगदी तळाशी गेरूचा लाल पट्टा. त्यांनी वरून वाकून बघणाऱ्या आण्णांना हाक मारली. “गुरुजी, पाझर कुठे दिसतोय बघा. गेरूच्या बरोबर वर. वरच्या फटींतलं पाणी खाली येतंय आणि गेरूवर अडतंय. गेरू स्वतः पाणी देत नाही, चिकण आहे तो. त्याच्या खाली बहुतेक मांजऱ्या दगड लागेल. त्यात पाणी असू शकतं.”

“म्हणजे खोल न्यावी?” आण्णांनी विचारलं.

“ते मला आत्ता सांगता येणार नाही. शेजारच्या विहिरींनी तो गेरू फोडलाय का, त्यांना खाली काय लागलं, ते बघावं लागेल. नुसतं इथे उभं राहून सांगितलं तर मी तुमचे पैसे बुडवीन.”

आण्णा दुपारी त्यांना चार विहिरी दाखवायला घेऊन गेले. मी मागून चालत होते. संध्याकाळच्या गाडीला बाईंना सोडून आल्यावर आण्णा ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, “इतकी शिकलेली बाई, आणि तोंडावर म्हणाली, सांगता येत नाही. आपल्याला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं.” फील्डवर्कच्या फॉर्मवर त्यांनी त्याच रात्री सही केली. नोकरी कोण देणार, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. बाईंनी त्याचं उत्तर जाताना एसटीच्या खिडकीतून दिलं होतं. १९७२च्या दुष्काळात राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली, तिला भूवैज्ञानिक लागतात, आणि त्यांना अशाच विहिरी बघत फिरावं लागतं.

खंडाळ्याच्या घाटात आम्ही लाव्हाचे थर मोजले. एकावर एक, मधे लाल पट्टा, पुन्हा काळा. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची ती उलथापालथ आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे, हे आम्हाला पाठ होतं. पण कड्याच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केल्यावर त्या आकड्यांना उंची आली. रात्री मुक्कामाच्या शाळेत बाईंनी एक झेरॉक्स काढून आमच्यापुढे ठेवली. परदेशातल्या आणि इथल्या संशोधकांनी त्या वर्षांत दख्खनच्या थरांची रासायनिक घटकांवरून नवी विभागणी मांडायला घेतली होती. सगळ्यांत खाली कळसूबाई उपगट, मधे लोणावळा, आणि सर्वांत वर वाई. मी ते नाव परत परत वाचलं. वाईजवळच्या पसरणी घाटातून मी लहानपणापासून जात-येत होते. त्या घाटातल्या कड्याची ओळख जगाला माझ्या गावाच्या नावाने होणार होती, आणि मला त्याच्यातला एक थरही वेगळा करून दाखवता आला नसता. वहीत त्या रात्री मी दोन पानं लिहिली.

तरीही स्पेशलचा निर्णय सोपा झाला नाही. रसायनाचे सर माझ्यावर लोभ करायचे. त्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, की पुण्यात नोकऱ्या केमिस्ट्रीला आहेत. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आहे, औषधांचे आणि रंगांचे कारखाने आहेत, एम.एस्सी. न करताही लागशील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि त्यात माझ्या घरच्या परिस्थितीची जाण होती. मी त्यांना वहीबद्दल सांगितलं. त्यांनी ती मागून घेतली, तिथेच बसून चाळली. रसायनाखालचे प्रश्न त्यांनी मोजले नाहीत, वाचले. मग म्हणाले, “हे बघ, भूशास्त्राखालच्या निम्म्या प्रश्नांना रसायन लागणार आहे. जिथे जाशील तिथे ते तुझ्याबरोबर येईल. अडलीस तर माझ्याकडे ये.” आपला विषय सोडून जाणाऱ्या विद्यार्थिनीला असं म्हणणारे शिक्षक मी पुढे फार थोडे पाहिले. आणि मी अडले. एम.एस्सी.ला पाण्याच्या नमुन्यांचं पृथक्करण करताना दोनदा त्यांच्याच दारात गेले.

टी. वाय.चा फॉर्म मी त्याच खिडकीवर दिला. क्लार्कनी तो वाचला, शिक्का मारला आणि फक्त हसले.

आता पदवीची रचना पुन्हा बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी, मेजर आणि मायनर विषय, खुले ऐच्छिक विषय, मधेच प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायची सोय असं बरंच काही आणलं. विज्ञानाच्या मुलीला संगीत किंवा अर्थशास्त्र घेता येणं ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते. पण माझ्या भाचीचा फॉर्म भरताना मी बघितलं, पर्यायांची पानंच्या पानं होती आणि तिला ते बदलायची तारीख सांगणारं कुणी नव्हतं. रचना कितीही मोकळी केली तरी तिच्यात खिडकीपलीकडचा एक माणूस लागतो, लॅबमध्ये हातात नमुना देणारा एक लागतो, आणि वही देऊन ती न मागणारं कुणीतरी लागतं. करिअर मेळाव्यांत सतरा वर्षांच्या मुलांना माइक पुढे करून ‘तुझी आवड काय?’ असं विचारताना मी ऐकते तेव्हा मला त्या मुलांची काळजी वाटते. उत्तर नसलेलं मूल तिथे मान खाली घालतं. त्याला कुणीतरी सांगायला हवं, की उत्तर नसणं हा दोष नाही, अजून पुरेसं बघून झालेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

मामांचं एक सांगायचं राहिलं. मी नोकरीत लागल्यावर काही वर्षांनी ते एकदा घरी आले. त्यांची मुलगी बारावी झाली होती. मार्क चांगले होते आणि तिने भूशास्त्र घ्यावं अशी त्यांची फार इच्छा होती. ती ऐकत नव्हती. “तुझं ऐकेल. तू सांग तिला,” म्हणाले. त्यांनी माझ्याकडे आजवर मागितलेली ही एकच गोष्ट. मी मुलीला भेटले. ती दोन वर्षं सुट्टीत एका पतसंस्थेत काम करत होती आणि दीड तास मला तिथल्या थकबाकीबद्दलच सांगत होती. कर्ज फेडणारा माणूस एकदम हप्ते का थांबवतो? जामीनदाराला नोटीस गेली की घरात काय होतं? व्याज दोन रीतींनी मोजलं तर गरिबाला किती फरक पडतो? वहीची गरजच नव्हती.

मी मामांकडे गेले आणि सांगितलं, तिला कॉमर्सला जाऊ द्या. त्यांना वाईट वाटलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाईंनीसुद्धा हेच सांगितलं असतं, नाही?” मी हो म्हटलं. मुलगी कॉमर्सला गेली, पुढे सी.ए.ची परीक्षा पास झाली, आणि तिच्या ऑफिसच्या उद्घाटनाला मामा नवा सदरा घालून दारात उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून देताना ते सांगत होते, “हिनंच सांगितलं, कॉमर्सला घाल म्हणून.”